ओळखू येण्यापुरतं

निवृत्त झालेली माणसं झाडं लावतात, पहाटे फिरायला जातात, नाहीतर बायकोच्या स्वयंपाकघरात नाक खुपसतात. आमच्या ह्यांनी तिन्ही टाळून गिटार आणली. मी म्हटलं, या वयात? तर म्हणाले, गिटारच्या दुकानात वय विचारत नाहीत, पैसे विचारतात.

कामावर ह्यांना सगळे पाना म्हणत. हे लिफ्ट दुरुस्त करायचे, त्यामुळे हातात पाना असायचाच, पण नाव पडलं ते स्वभावावरून. दिसेल त्याला पिळायचे. साहेबाला, मदतनिसाला, अगदी लिफ्टमध्ये अडकलेल्या माणसालाही. त्याला बाहेर काढायच्या आधी दाराच्या फटीतून विचारायचे की बटण किती वेळा दाबलंस. घरात पिळायला मुलगी आणि मी. मुलगी लग्न होऊन दुसऱ्या शहरात गेली आणि सुटली. मी राहिले, पण मीही काही गरीब गाय नाही. जिन्याखाली माझं कपडे अंगाबरोबर करून देण्याचं दुकान आहे. दिवसभर लोकांच्या कंबरांची आणि बाह्यांची गाऱ्हाणी ऐकायची, म्हटल्यावर संध्याकाळी माझीही जीभ कात्रीसारखी चालायची. आमचं भांडण सुरू झालं की खालच्या मजल्यावरच्या बाई टीव्हीचा आवाज कमी करत.

मास्तर ठेवा म्हटलं तर नको म्हणाले. कुणाकडून शिकून घेणं ह्यांच्या रक्तात नाही. त्याऐवजी दुकानातून टॅब पेन्सिलीने उतरवून आणले. टॅब म्हणजे बोटांसाठी लिहिलेली चाल. कागदावर सहा आडव्या रेघा, एक रेघ म्हणजे एक तार. रेघेवर जो आकडा असेल, गिटारच्या दांडीवरच्या पट्ट्यांमधल्या त्या नंबरच्या घरात त्या तारेवर बोट दाबायचं, शून्य असेल तर तार मोकळी सोडायची. संगीतातलं ओ की ठो कळलं नाही तरी चालतं. ह्यांनी कागदाकडे बघितलं आणि खूश झाले. ही तर सहा लिफ्टची इमारत आहे, म्हणाले, आकडा म्हणजे मजला.

गाणं एकच निवडलं. आमचं लग्न झालं त्या वर्षी ते कुठेही जा, कानावर पडायचंच. केस कापायच्या दुकानात, बसमध्ये, शेजारच्या रेडिओवर. आजही पहिले चार सूर वाजले की कुणीही ओळखेल. हेच का निवडलं म्हणून विचारलं तर म्हणाले, सोपं आहे. ते मुळीच सोपं नव्हतं.

शिवाय टॅबमध्ये एक खोट असते. बोट कुठे ठेवायचं ते कळतं, किती वेळ ठेवायचं ते कळत नाही. त्यासाठी गाणं आधी कानात असावं लागतं. ह्यांच्या कानात ते होतं, पण ह्यांचा विश्वास कागदावर. सगळे आकडे एकाच चालीत, जिना चढल्यासारखे वाजवायचे. पहिले काही आठवडे आमच्या घरात वाजत होती ती हजेरी होती. मी आतून ओरडायचे, "अहो, तिथे थांबायचं असतं." हे बाहेरून ओरडायचे, "कुठे लिहिलंय?"

त्यात ह्यांच्या डाव्या हाताची करंगळी आणि शेजारचं बोट तरुणपणी लिफ्टच्या दारात चेमटलेली. वाकायची, पण अर्धीच. गाण्यात जिथे जिथे करंगळी लागायची तिथे तार नीट दाबली जायची नाही आणि खर्र आवाज यायचा. मागोमाग हे जिभेने च्च करायचे. खर्र, च्च. पुढचा आकडा. पुन्हा खर्र, च्च. काही दिवसांनी मला ते त्या गाण्याचेच सूर वाटायला लागले, आणि रस्त्यात कुठे मूळ गाणं ऐकलं की काहीतरी राहून गेल्यासारखं वाटायचं.

गिटारच्या दुकानदाराला सगळे थट्टेने उस्ताद म्हणतात. पोटावर बनियन, कानाला पेन्सिल. हे तारा बदलायला गेले असताना त्याने ह्यांची बोटं बघितली आणि उपाय सांगितला. म्हणाला, गाणं म्हणजे तळाचा सूर आणि वरची चाल. मधला सगळा भरणा असतो, तो मूळ वाजवणाऱ्याने आपली हौस म्हणून घातलेला. करंगळीचे आकडे खोडून टाका. ओळखू येण्यापुरतं राहिलं की पुरे, ऐकणाऱ्याला पत्ता लागत नाही. घरोघरी लोक असंच वाजवतात.

हे दोन दिवस त्याच्यावर चिडलेले होते. हा काय सल्ला आहे? सहा दोरांवरची लिफ्ट चार दोरांवर चालव, प्रवाशाला पत्ता लागत नाही, असं कुणी म्हणेल का? पण करंगळी काही ऐकेना. शेवटी एका दुपारी मुलीच्या जुन्या कंपासपेटीतून खोडरबर काढलं, पहिल्या ओळीतले मधले आकडे पुसले आणि वाजवून बघितलं. ओळ लोण्यासारखी निघाली. मीही हातातलं काम ठेवून ऐकत राहिले. पहिल्यांदाच ते गाणं होतं.

त्या रात्री जेवणात मीठ जास्त पडलं होतं. मला माहीत होतं, मी उत्तर तयार करून बसले होते. हे जेवले, ताट उचललं आणि म्हणाले, "छान झालं होतं." मी मनात म्हटलं, आज सूर्य पश्चिमेला उगवला.

दुसरी ओळ सोपी केली त्या आठवड्यात वर्तमानपत्रावरून बोलणं बंद झालं. ह्यांना पेपर घडीवर घडी ठेवून लागायचा. माझ्या हातून पानं विस्कटली की अर्धा तास व्याख्यान. आता विस्कटलेला पेपर तसाच घेऊन वाचू लागले. तिसऱ्या ओळीनंतर दारातल्या चपलांवरून बोलेनासे झाले. मला बरं वाटलं, खोटं कशाला सांगू? इतक्या वर्षांनी घरात शांतता आली होती. वाटलं, संगीताने माणूस निवळतो म्हणतात ते खरं असावं.

मग धृपद आलं. त्यात सगळ्यात अवघड जागा होती, पहिलं बोट सहाही तारांवर आडवं टाकून वर करंगळी ताणायची. ह्यांनी ती जागा पार साफ केली, तळाचा एक सूर आणि चालीचे तीन एवढेच ठेवले. दुसऱ्या दिवशी सकाळी उठून शर्ट घातला आणि आपण होऊन धाकट्या भावाकडे गेले. सासऱ्यांच्या मनगटी घड्याळावरून दोघांचं कित्येक वर्षं बोलणं नव्हतं. मुलीच्या लग्नात दोघं एकमेकांकडे पाठ करून जेवले होते. दुपारी दिरांचा फोन आला. म्हणाले, "वहिनी, दादाला काय खायला घातलंत? घड्याळ तूच ठेव म्हणाला." त्यांना हुंदका आवरेना. मी फोन ठेवला आणि मला का कुणास ठाऊक, थंडी वाजल्यासारखं झालं. ते घड्याळ ह्यांचंच होतं. मी स्वतः सासऱ्यांच्या तोंडून ऐकलं होतं.

त्यानंतर मी नीट बघू लागले. माझं डोळ्याचं काम आहे, शिवण कुठे उसवली ते मला लांबून दिसतं.

हे दिसायला तेच होते. तोच शर्ट, तीच शिंक, अंघोळीला तीच वेळ. पण पूर्वी जिन्यावरून ह्यांचं येणं म्हणजे पावलं, किल्ल्या, खोकला, कठडा हलतोय म्हणून शिव्या, असं सगळं मिळून वर यायचं. आता फक्त पावलं यायची. लिफ्ट मधेच अडकल्याची ह्यांची एक गोष्ट होती. ती सांगायला घेतली की पहिल्या मजल्यावरच्या म्हाताऱ्यापासून सुरुवात, मग त्याचा कुत्रा, मग कुत्र्याचा डॉक्टर, आणि लिफ्ट आपली वर लटकलेलीच. दिराकडे पाहुण्यांनी ती सांगायला लावली तेव्हा हे हसून म्हणाले, "लिफ्ट अडकली होती. मग सुटली." आणि थांबले. सगळे खो खो हसले. पाना किती मजेशीर झाला आहे, म्हणाले. मी हसले नाही. मी बघत होते की सांगून झाल्यावर हे तसेच बसले आहेत, चेहऱ्यावर हसू ठेवून, पुढचं काहीतरी होईपर्यंत.

घरीही तसंच. मी स्वयंपाक करताना मागे वळले की हे दारात उभे असायचे. काही हवंय का विचारलं तर नाही. केव्हापासून उभे आहात, तर आत्ताच. चहा की कॉफी, तर कोणतंही चालेल. खिडकी उघडू की लावू, तर कसंही चालेल. एकदा मी मुद्दाम म्हटलं, खिडकीतून उडी मारता का? त्यावर खिडकीकडे बघून विचारात पडले. मी घाईघाईने म्हटलं, अहो, थट्टा केली. तेव्हा हसले. त्यानंतर मी थट्टा करणं सोडून दिलं.

मुलीला फोनवर सांगू लागले तर ती म्हणाली, "आई, बाबा इतके गोड झालेत, तुला काय त्रास आहे? आता तू भांडू नकोस हं." भांडू कुणाशी? भांडायला समोर कुणीतरी लागतं.

मी कापडात वाढलेली बाई. एक गोष्ट मला पक्की ठाऊक आहे, कापलेलं कापड नाहीसं होत नाही. ते पायाशी पडतं. संध्याकाळी दुकान झाडताना कळतं की आज किती माणसं बारीक केली. मग ह्यांच्यातून जे कापलं जात होतं ते कुठे पडत होतं? हा विचार डोक्यात आला आणि जाईना. मी स्वतःलाच वेड्यात काढलं, पण जाईना.

ते मला एका दुपारी ऐकू आलं. हे आता रोज दुपारी दिराकडे जात, त्या दिवशीही गेले होते. मी जेवायला वर आले होते आणि ह्यांच्या खोलीचं दार लोटलेलं होतं. आतून एक सूर आला. मग बराच वेळ काही नाही. मग दोन सूर, पाठोपाठ. पुन्हा काही नाही. गिटार आत स्टँडवर होती आणि घरात माझ्याखेरीज कुणी नव्हतं. रस्त्यावरून ट्रक गेला की तारा थरथरतात, तसं असेल म्हणून मी घास तोंडात घातला. आणि आतून आवाज आला, खर्र.

मी घास गिळायला विसरले. त्याच्या मागोमाग च्च आलं, अगदी हळू, पण ते च्च मी लाखांत ओळखीन.

दार उघडलं तेव्हा खोली रिकामी होती. गिटार स्टँडवर, कागद टेबलावर, रबराचा भुगा कागदाच्या कडेला. तिसऱ्या तारेकडे निरखून बघितलं तर ती हलत होती, शिवणयंत्र थांबल्यावर दोरा हलतो तेवढीच. मी भ्यायले होते. तरी दार लावून न घेता मी बाहेर येऊन खुर्चीवर बसले. थोड्या वेळाने पुन्हा सूर सुरू झाले. त्यांची काही चाल होत नव्हती. मधेच एक, मधेच तीन, मग मोठी पोकळी. मी मनात गाणं म्हणू लागले, आणि मग कळलं. गाण्यातून जे जे खोडलं होतं तेवढंच वाजत होतं. बाकीच्या जागी कुणीतरी मुकाट थांबत होतं, आणि अगदी बरोबर तेवढंच थांबत होतं.

दुसऱ्या दिवशी मी पेपर घेऊन बसले. पानं काढली, उलटीसुलटी केली आणि बोळा केल्यासारखा टेबलावर टाकला. आतून तार अशी कडाडली की मी खुर्चीवरून उठले. मग मात्र मला हसू आलं, आणि हसता हसता रडू. मी मोठ्याने म्हटलं, "घालते हो घडी, जीव नका खाऊ." घडी घातली. आत शांत झालं.

असे माझे दिवस सुरू झाले. सकाळ-संध्याकाळ एक नवरा, दुपारी दुसरा. लोक ऐकतील तर तोंडात शेण घालतील. दुपारी मी मिठाबद्दल बोलायचे, चपलांबद्दल, दिराला दिलेल्या घड्याळाबद्दल. घड्याळाचं काढलं की आत एकच सूर पुन्हा पुन्हा वाजायचा, खालच्या आवाजात, बराच वेळ. तो ऐकवत नसे. रागावलेला माणूस मी जन्मभर बघितला होता, पण तो सूर रागाचा नव्हता. आत कोंडलेला माणूस लिफ्टचं दार ठोकतो तसा तो होता, आणि दार बाहेरून उघडणारा पाना आता आतच होता.

गाण्याची शेवटची ओळ तेवढी खोडायची राहिली होती. त्या ओळीपुरते हे अजून बाहेर शिल्लक होते. म्हणजे झोपण्याआधी दाराची कडी दोनदा ओढून बघायचे आणि पुटपुटायचे, ही कडी बसवणाऱ्याला कडीत घातला पाहिजे. तेवढं एक वाक्य. मी रोज त्याची वाट बघायचे, ते झालं की मला झोप लागायची. पण रविवारी मुलगी येणार होती, सगळे दिराकडे जमणार होते आणि हे गाणं वाजवून दाखवणार होते. शनिवारी संध्याकाळी शेवटची ओळ सोपी करून टाकतो, हसत म्हणाले.

मला माझा नवरा परत हवा होता, खर्र आणि च्चसकट. आणि माझ्याकडे शनिवारपर्यंतच वेळ होता.

मी उस्तादकडे गेले. न खोडलेला टॅब उतरवून घेतला, एक जुनी गिटार आठवड्यासाठी उसनी मागितली आणि म्हटलं, मला फक्त मधले सूर शिकायचेत. त्याने कानावरची पेन्सिल काढली आणि माझ्याकडे बघत राहिला. "काकू, नुसते मधले वाजवून कुणालाही गाणं ओळखू येणार नाही."

"मला गाणं ओळखायचंच नाहीये," मी म्हटलं.

दुपारी दुकान बंद ठेवून मी ह्यांच्या खोलीच्या दारात बसायचे. सुईने बोटांची टोकं आधीच घट्ट झालेली, त्यामुळे तारा टोचल्या नाहीत. आकडे वाचत वाजवायचे आणि मीही तेच करू लागले, जिना चढल्यासारखं, एकामागून एक. आतून लगेच च्च. मग तोच सूर आत वाजायचा, जिथे वाजायला हवा तिथे. मी पुन्हा वाजवायचे. पुन्हा च्च. आयुष्यात ह्यांनी मला काही शिकवलं असेल तर ते त्या आठवड्यात, आणि ओरडून ओरडूनच शिकवलं. मी इतकी सुखात होते की शुक्रवारी एक गिऱ्हाईक म्हणालं, ताई, लग्न ठरलं का कुणाचं?

शनिवारी संध्याकाळी हे टेबलाशी बसले, हातात रबर. मी माझी गिटार घेऊन समोर बसले आणि म्हटलं, मीही थोडं शिकले आहे, एकदा बरोबर वाजवू या, मग खोडा. कसंही चालेल, म्हणाले.

पहिल्या ओळीत हे तळाचा सूर आणि चाल वाजवत होते, मी मधलं भरत होते. ओळ संपता संपता ह्यांच्या तारेतून खर्र आलं. ह्यांची करंगळी तारेला लागलीच नव्हती, हवेत होती. पण खर्र आलं आणि ह्यांच्या दोन भुवयांमध्ये एक आठी पडली. ती आठी मी कित्येक महिन्यांत बघितली नव्हती.  दुसऱ्या ओळीत मी घाई केली.

"अगं, काय पाठीमागे कुत्रं लागलंय?" हे म्हणाले. "तिथे थांबायचं असतं."

"कुठे लिहिलंय?" मी म्हटलं. मला कागद दिसत नव्हता, डोळे भरले होते.

धृपदात ह्यांनी मान वर केली आणि लांबच्या गावाहून आल्यासारखं घराकडे बघितलं. भिंतीकडे, दाराकडे, खिडकीकडे. खिडकीची बिजागरी कुणी ढिली केली, म्हणाले. पेपरची काय दशा केली आहेस. आणि घड्याळ, असं म्हणून थांबले.  मी वाजवत राहिले, सगळी अवघड जागा मी करंगळी ताणून वाजवली, आणि आतल्या खोलीत कोंडलेलं जे काही होतं ते सूर होऊन आमच्या दोघांमध्ये येऊन बसलं होतं. फक्त शेवटची ओळ उरली. ती माझ्या सुराने सुरू होते. मी बोट ठेवलं.

ह्यांचा हात माझ्या मनगटावर आला. हळू, अगदी गार. मी बघितलं तर आठी नव्हती. पण हसूही नव्हतं. तो दुसरा बघत होता माझ्याकडे, गोड झालेला, कसंही चालणारा, आणि त्याच्या चेहऱ्यावर पहिल्यांदाच काहीतरी होतं. तो घाबरला होता.

"मी तुला काही त्रास दिला का?" त्याने विचारलं. आणि मग, "ते आले तर मी कुठे जाऊ?"

मी लगेच तार छेडायला हवी होती. तेवढंच काम होतं. पण मला त्या क्षणी आठवलं की एवढ्यात एकदा ह्याच माणसाने, माझे पाय सुजले होते तेव्हा, पाटावर उशी ठेवून ते वर घेतले होते. दुकान नसतं तर तू काय केलं असतंस, असं विचारलं होतं. मी सांगत बसले आणि त्याने शेवटपर्यंत ऐकलं, मधे एक शब्द घातला नाही. संसारात मला ते कुणी विचारलं नव्हतं. आणि तो खरोखर कुठे जाणार होता? त्याला तर राग नव्हता, गोष्ट नव्हती, घड्याळ नव्हतं. माझ्याखेरीज त्याच्याजवळ काहीच नव्हतं.

मी थांबले. फार नाही, एक श्वास घेण्यापुरती. पण त्या गाण्यात तिथे थांबायचं नसतं, हे मला शिकवणारा आमच्या दोघांमध्येच बसलेला होता. त्याने माझं थांबणं ऐकलं आणि काय समजायचं ते समजला.

च्च झालं नाही. चुकले की हमखास यायचं ते आलंच नाही. माझ्या बोटाखालची तार थरथरत होती ती निवांत झाली. मी घाबरून सूर छेडला, पुन्हा छेडला, सगळी ओळ वाजवली, दोनदा वाजवली. समोर हसू परत आलं होतं. माझं वाजवून होईपर्यंत हे सभ्यपणे थांबले, मग त्यांनी रबर घेऊन शेवटची ओळ पुसली आणि कागदावर फुंकर मारली. रात्री कडी एकदाच लावली आणि झोपले.

रविवारी गाणं फार सुरेख झालं. पहिल्या चार सुरांना सगळ्यांनी ओळखलं, दिरांनी टाळ्या वाजवल्या, मुलीने बाबांच्या गळ्यात हात टाकले आणि माझ्याकडे बघून म्हणाली, बघ आई. मीही टाळ्या वाजवल्या.

दुपारी मी अजून त्या दारात बसते. उसनी गिटार मी उस्तादकडून विकतच घेतली. पेपर विस्कटून टाकते, घड्याळाचं काढते, उगाच अपमानही करते. आत काही वाजत नाही. मग माझे मधले सूर वाजवते, बाकीच्या जागी थांबते आणि कान देऊन बसते. परवा तर मी मुद्दाम चुकले. धृपदाची सगळी अवघड जागा चुकीची वाजवली, मोठ्याने, पुन्हा पुन्हा, ऐकणाऱ्याचं डोकं उठेल अशी. बऱ्याच वेळाने मागे चाहूल लागली. हे बाहेरच्या दारात उभे होते.

"किती छान वाजवतेस गं," म्हणाले. आणि अगदी मनापासून म्हणाले.